चार माग आणि एक कंबर

सान हुआन ला लागुना, ग्वाटेमाला
१२ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही तीनदा ‘काय? काय?’ केलंत आणि फोन आईकडे दिलात. म्हणून हे पत्र. दादाला मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला सांगितलंय.

आधी आईचं. आई, मी उपाशी नाही. ज्या घरी राहते तिथे पैसे भरून तीन वेळचं जेवण आहे, रविवारी सुट्टी. ‘घरच्यासारखं’ वगैरे म्हणायला छान वाटतं, पण आठवड्याचे पैसे आधी मोजून घेतात, आणि मला तेच बरं वाटतं. मिंधेपणा नाही. जेवणात मक्याच्या तोर्तिया आणि काळा घेवडा, रोज. तू म्हणशील मक्याची भाकरी. थापण्याचा आवाज तोच, पण पीठ नसतंच. रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच ठेवायचा. पानाला लावतो तोच चुना! सकाळी साल सुटतं, दाणे चोळून धुवायचे आणि पाच वाजता बादली घेऊन गिरणीत रांग लावायची. ही गिरण ओलं दळते, घरी येतो तो मळायला तयार गोळा. रांगेत सगळ्या बायका, सगळ्यांच्या बादल्या, आणि नंबरावरून भांडणंसुद्धा. त्या त्सुतुहील भाषेत भांडतात, मला अक्षर कळत नाही, पण ‘मी आधी आले होते’ हे कुठल्याही भाषेत कळतं. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपातल्या लोकांनी इथून मका नेला, चुन्याची रीत नेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला.

गाव अतितलान सरोवराच्या काठी आहे, समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरवर. भोवती तीन ज्वालामुखी. सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि दुपारी शोकोमिल नावाचा वारा सुटला की नावेत बसलेल्याची आतडी वर येतात. फोटो पाठवलेत, ते बघा.

आता बाबा, तुमचं. मी इथे माग शिकतेय. हसू नका. हा माग म्हणजे काठ्यांचा जुडगा. एक टोक अंगणातल्या झाडाला बांधायचं, दुसऱ्या टोकाचा पट्टा आपल्या कमरेमागून घ्यायचा आणि जमिनीवर गुडघे टेकून बसायचं. ताण्याला, म्हणजे उभ्या सुतांना, ताण द्यायचा तर मागे रेलायचं, सैल करायचा तर पुढे झुकायचं. बीम नाही, चौकट नाही; माणूस उठला की माग गुंडाळून कोपऱ्यात. ताण्याला खळ म्हणून मक्याची पातळ पेज देतात, आणि सुताचा रंग टिकावा म्हणून केळीच्या खुंटाचं पाणी वापरतात. सायझिंगचा वास आठवला मला. पायाचे माग पण आहेत इकडे. ते स्पॅनिश लोकांनी आणले, त्यांच्यावर मुख्यतः पुरुष बसतात, लुगड्यासारखं गुंडाळायचं कापड काढतात. कमरेचा माग बायकांचा, आणि तो त्यांच्याहून कितीतरी जुना.

तीन दिवसांत माझी चार बोटं रुंद, वीतभर पट्टी झाली. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर अर्धी उसवलेली. शिकवणाऱ्या बाईंनी रात्री उसवली होती. सांगितलंही नाही, नुसत्या हसल्या आणि पट्टा माझ्या हातात दिला. मला इतका राग आला की बाहेर जाऊन एक कॉफी पिऊन आले.

त्या बाईंचं यंत्रमागाशी उभं वैर आहे. अंगातला पोलका, विपील म्हणतात त्याला, हातानं विणायला दोन-दोन महिने जातात. गावागावाचं नक्षीकाम वेगळं. तेच नक्षीकाम आता यंत्रावर निघतं, छापूनही येतं, आणि बाजारात पाव किमतीत मिळतं. २०१६ मध्ये इथल्या विणकर बायका थेट घटनात्मक न्यायालयात गेल्या, आमची नक्षी ही आमच्या समाजाची मालमत्ता आहे म्हणून. न्यायालयानं पुढच्या वर्षी संसदेला कायदा करायला सांगितलं. बाई हे सांगताना आडवा धागा ठोकायच्या फळीनं असा फटका मारायच्या की वाटायचं, समोर यंत्रमागवालाच बसलाय.

आणि समोर मी. दोन आठवडे मी सांगितलंच नाही की माझ्या वडिलांनी इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमाग चालवले. बाबा, मला तुमची लाज वाटली असं समजू नका. थोडी वाटली असेलही. पण जास्त भीती ही, की ती बाई मला शिकवायचं बंद करेल.

काल सांगून टाकलं. स्पॅनिश माझं मोडकं, त्यांचीही ती दुसरी भाषाच, त्यामुळे गोष्ट फिरवून सांगायची सोयच नव्हती. त्या बराच वेळ गप्प. मग विचारलं, किती माग? म्हटलं, एका वेळी चार. खटखट करून पाटावर आवाज काढून दाखवला, चार बोटांनी, मग दोन्ही हातांनी. त्यांनी विचारलं, ‘मग बोलायचे कुणाशी?’

कुणाशी नाही म्हटलं. शेडमध्ये हातवारे. घरी येऊनसुद्धा चहाला अंगठा, पाण्याला तळवा. कान गेले म्हटलं. त्या कानाला हात लावून नुसतं ‘अरेरे’सारखं ‘आय’ म्हणाल्या. त्यांच्याकडे तिघी-चौघी एकाच झाडाला माग बांधून बसतात, दिवसभर तोंड चालू असतं. कायद्याचा विषय नंतर निघाला नाही. माझी पट्टी त्यांनी स्वतः घट्ट करून दिली, पण एवढ्यावरून वैर मिटलं असं मी म्हणणार नाही.

सगळंच काही गोड नाही. एका दलालानं ‘अस्सल माया विधी’ म्हणून पैसे घेतले, धुराभोवती आम्हा दहा परक्यांना उभं केलं आणि अर्ध्या तासात बसमध्ये घातलं. पलीकडच्या काठावर सान्तियागो आहे. २ डिसेंबर १९९० ला तिथले निःशस्त्र गावकरी लष्कराच्या छावणीसमोर जमले, तेव्हा गोळीबारात कित्येक जण गेले. मग लोकांनी सैन्य गावातून हटवायला लावलं. इथलं यादवी युद्ध १९९६ ला संपलं. बाई तेव्हा तरुण असतील. मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

पट्टी घेऊन येतेय. डाव्या काठाला कुठेतरी ताण सुटलाय, नेमका कुठे ते तुम्ही बघून सांगा. फोनवर नको, कागदावर लिहून.

तुमची,
सुमी

ता. क. आई, चुना किती घालायचा ते विचारलं. ‘हाताला कळतं’ म्हणाल्या. तुझंच उत्तर.