ऑफिस हलवतोय : शुक्रवारपासूनची तयारी

मंडळी, नमस्कार.

येत्या शनिवारी आपण सदाशिव पेठेतून बाणेरच्या जागेत जातोय. शुक्रवारी दुपारी ३ नंतर काम बंद, आवराआवर सुरू. टेम्पो शनिवारी सकाळी ७ ला येईल. बोळ अरुंद आहे, त्यामुळे त्या दिवशी दाराशी दुचाकी लावू नका.

– प्रत्येकाला दोन खोकी. नाव आणि नवा टेबल नंबर खोक्याच्या बाजूवर लिहा, वर नको. एकावर एक रचली की वरचं दिसत नाही. मागच्या वेळी चहाची गाळणी आठ दिवसांनी टोनरच्या खोक्यात सापडली होती!

– कॉम्प्युटरच्या वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. टॅलीचा बॅकअप अकाउंट्सवाले शुक्रवारीच घेतील, दोन ठिकाणी.

– जुनी बिलं परस्पर रद्दीत घालू नका. जीएसटीच्या नियमानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. शंका आली तर विचारा, फाडू नका.

– चेकबुकं, शिक्के टेम्पोत जाणार नाहीत, माझ्या बॅगेत.

– जीएसटी नोंदणीतला पत्ता १५ दिवसांत बदलायचा असतो, तो अर्ज मी करतोय. ग्राहकांना आणि कुरिअरवाल्यांना मात्र तुम्हीच कळवा.

रविवारी फक्त इलेक्ट्रिशियन, नेटवाला आणि मी. बाकीच्यांनी खुशाल झोपा काढा. सोमवारी ११ ला या. चहाचं सामान पहिल्या खोक्यात असेल.