कॅम्पला जायच्या आधी

सोनामुरा, त्रिपुरा
25 मे 2025

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसती 'हो पप्पा, हो पप्पा' करतेस, मागून आई 'मी त्या फॉर्मवर सही करणार नाही' म्हणते, आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून पत्र लिहितोय. दोघींनी मिळून वाचा.

आधी एनसीसीच्या कॅम्पचं. जा. आईशी माझं बोलणं झालंय. गावाकडे जूनच्या शेवटी गेलात तरी आजी काही रुसत नाही, आंबे संपलेले असतील एवढंच. आईचं म्हणणं, नववीचं वर्ष, पंजाबातला, त्यात फिरोजपूरचा उन्हाळा, वर आत्ताच पाकिस्तानशी हे सगळं होऊन गेलेलं, कशाला पोरीला दहा दिवस तंबूत पाठवायचं? तिचं काही चुकत नाही. या महिन्यातल्या त्या रात्री तिने तुम्हा दोघा भावंडांना घेऊन काढल्या, मी इथे बीएसएफच्या ड्यूटीवर, बांगलादेश सीमेच्या तारेवर, सुट्ट्या बंद. पण एनसीसीचं हे तुझं दुसरं वर्ष. परेडची पंचाहत्तर टक्के हजेरी आणि एक वार्षिक कॅम्प असल्याशिवाय 'ए' सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. आठवीपासून सकाळी उठून मैदानावर गेलीस ते अर्ध्यावर सोडायचं, हे मला पटत नाही. काकडी, ताक आणि टोपीखाली ओला रुमाल, एवढं सांभाळलंस तर ऊन सोसतं.

मात्र 'पुढे आर्मीत जायचंय म्हणून एनसीसी' असं तू शेजारी सांगत फिरतेस म्हणे. सांग बापडी. पण एनसीसी म्हणजे भरती नव्हे. 1948 च्या कायद्याने ती सुरू झाली तेव्हापासून कॅडेटवर लष्करात जायचं कसलंही बंधन नाही. तुला उद्या नर्स व्हावंसं वाटलं, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर व्हावंसं वाटलं, तरी ही दोन वर्षं वाया जात नाहीत. आणि फौजच हवी असेल तर वाट मोकळी आहे. एनडीएत 2022 पासून मुली आहेत, त्यांची पहिली तुकडी याच आठवड्यात खडकवासल्यातून पास होऊन बाहेर पडते आहे. कॉलेजात 'सी' सर्टिफिकेट काढलंस तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला जाता येतं. हे सगळं चार-पाच वर्षांपुढचं. आत्ता गणितात किती पडले ते आईने मला सांगितलंय, त्यावर वेगळं बोलू.

आता आपल्या घरमालकीण बीजींचं. त्यांनीच मला फोनवर सांगितलं, आणि रागाने नाही, हसत सांगितलं. ब्लॅकआउटच्या रात्री गोठ्यात बल्ब दिसला म्हणून तू वर्दी चढवून खाली गेलीस आणि दारातून ओरडलीस, 'बत्ती बंद करो, सुनाई नहीं देता?' आत म्हैस विणायला आली होती. पारडू अर्धं बाहेर, बीजींचे दोन्ही हात त्यात. त्यांनी तुला उलट एक शब्द ऐकवला नाही. नातवाला हाक मारली, दारावर रजई टांगायला लावली आणि बल्बला डालडाच्या रिकाम्या डब्याची टोपी करून उजेड खाली पाडला, जेमतेम म्हशीपुरता. तू तोवर जिना चढून वर गेली होतीस.

नियम तुझा बरोबर होता, सोनू. त्या आठवड्यात फिरोजपुरात उजेड दिसणं म्हणजे काय, हे 9 मेच्या रात्री खाई फेमे की गावात सगळ्यांनी पाहिलं. ड्रोन पडून एका घरातली माणसं भाजली. पण सूर चुकला. घरमालकीण म्हणून नाही, त्या वयाच्या बाईशी असं बोलत नाहीत म्हणूनही नाही. तू ज्यांना ब्लॅकआउट शिकवायला गेलीस त्यांनी ब्लॅकआउट काढलेत म्हणून.

बीजींचं माहेर सतलजच्या काठचं. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी सीमेवरच्या हुसैनीवालावर तोफा सुरू झाल्या तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. त्याआधी 1965 ला परकरात असताना बैलगाडीतून पळालेल्या. 2001 च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि या पट्ट्यातल्या शेतांत सुरुंग पेरले. पीक गेलं ते गेलंच, सुरुंग निघून रान हातात यायला किती दिवस लागले, कुणाच्या गुरांचे पाय गेले, ते त्यांना विचार. 2016 च्या सप्टेंबरात सर्जिकल स्ट्राइक झाला आणि सीमेपासून दहा किलोमीटरच्या आतली गावं रिकामी करायचा हुकूम निघाला. भात उभं होतं. माणसं ट्रॉलीत भांडीकुंडी घालून निघाली आणि गडी-माणसं रात्री चोरून परत आली, का तर गुरांना पाणी कोण पाजणार? आपण सातारकडचे. आपल्याकडे घराघरात फौजी, पण लढाई आपल्या दारात कधी आली नाही. आपण लढाईला जातो, इथल्या माणसाकडे ती चालत येते. हा फरक मला नोकरीत वीस वर्षं काढूनही फिरोजपूरला पोस्टिंग होईपर्यंत नीट कळला नव्हता.

तर कॅम्पला जायच्या आधी एक संध्याकाळ बीजींपाशी बस. माफी वगैरे मागायची तर माग, त्या मागू देणार नाहीत. पण उजेड कसा झाकायचा, गुरांना कधी सोडून द्यायचं, घर सोडताना आधी काय उचलायचं, हे विचारून घे आणि वहीत उतरव. तुमच्या कॅम्पमध्ये नकाशा शिकवतील, .22 ची रायफल हातात देतील, जखम कशी बांधायची ते दाखवतील. हे मात्र कुणी शिकवणार नाही, कारण शिकवणारे उस्तादही आमच्यासारखेच, बदलीवर आलेले.

माझं मत विचारशील तर सीमेवरच्या शाळांत एनसीसी वाढवायची ही गोष्ट चांगलीच. 15 ऑगस्ट 2020 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, सीमेवरचे आणि किनाऱ्यावरचे 173 जिल्हे, एक लाख नवे कॅडेट, त्यात तिसरा हिस्सा मुलींचा. फक्त ते कवायत आणि फोटोपुरतं राहू नये. 1965 ला आणि 1971 ला कॅडेट मुलांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांत हात लावला, आघाडीकडे सामान पोचवलं, हे उस्ताद तुम्हाला छाती फुगवून सांगतात, आणि ते खरं आहे. पण चौदा वर्षांच्या पोरीने ते ऐकून आपण आता अर्धे सैनिक झालो असं समजू नये. तुझं काम प्रथमोपचार, म्हाताऱ्यांना जिन्यावरून खाली आणणं, पाण्याच्या टाक्या भरून ठेवणं. हुकूम देणं नव्हे. आणि वर्दीत रील काढायचं नाही. मागे ताफा दिसतोय की नाही, हे तुला कळणारही नाही.

तुझ्या त्या मैत्रिणीचं तू बोलता बोलता सांगितलंस, तिची हजेरी कमी भरली म्हणून तिला कॅम्पच्या यादीतून काढलं. का भरली नाही ते उस्तादांना कुणी सांगितलंय का? त्यांची जमीन तारेपलीकडे आहे. पलीकडे म्हणजे पाकिस्तानात नव्हे, आपल्याच हद्दीत, पण तारबंदी आणि झिरो लाइन, म्हणजे खरी सीमारेषा, यांच्या मधल्या पट्ट्यात. तिथे आमचे जवान गेट उघडतील तेव्हाच ओळखपत्र दाखवून जायचं, झडती द्यायची, गेट बंद व्हायच्या आत परत यायचं. उंच वाढणारं पीक घ्यायचं नाही. मी स्वतः ते गेट उघडलंय, ट्रॅक्टरच्या सीटखाली हात घालून पाहिलंय. रोज त्याच माणसाची झडती घ्यायची, तोही रोज 'सत श्री अकाल, साबजी' म्हणणार. पहलगामच्या हल्ल्यानंतर या पट्ट्यातला गहू दोन दिवसांत काढा म्हणून सांगितलं गेलं, तेव्हा अख्खं घर विळे घेऊन पलीकडे होतं. ती पोरगी परेडला कुठून येणार? तू तुकडीत पुढे उभी राहतेस ना, मग तूच जाऊन उस्तादांना सांग. सावधान उभी राहून, 'श्रीमान, एक विनंती आहे' म्हणून. माणूस रागीट असला तरी गव्हाचं ऐकेल, तोही शेतकऱ्याचाच असणार. नाही ऐकलं तर मुख्याध्यापिका बाईंकडे जा.

आता बूट. नवे बूट कॅम्पलाच पहिल्यांदा घालशील तर दुसऱ्या दिवशी लंगडशील. आजपासून रोज संध्याकाळी तासभर घालून गच्चीवर फिर. आतून टाचेपाशी कोरडा साबण चोळ, मोजे दोन घाल. पॉलिश करताना फडकं दोन बोटांना घट्ट गुंडाळायचं, पॉलिश नखाएवढंच घ्यायचं, त्यावर पाण्याचा एक थेंब, आणि टोकावर बारीक बारीक गोल फिरवत राहायचं. आधी सगळं धुरकट दिसतं. तिथेच पोरं कंटाळतात आणि आणखी पॉलिश थापतात. थापायचं नाही, फिरवत राहायचं. चमक आपोआप वर येते. केसांना जाळी, चिमटे काळे, आणि घड्याळ साधं. मच्छरदाणी माझ्या ट्रंकेत तळाला आहे, कापूर ठेवलेला आहे, एक दिवस उन्हात टाक.

कॅम्पमध्ये नवीन मुलींना 'तू तर महाराष्ट्राची, तुझं इथे काय' असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. हुसैनीवाला आपल्या घरापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे. 23 मार्च 1931 ला लाहोरात फाशी दिल्यावर इंग्रजांनी तिघांना रातोरात तिथे सतलजच्या काठी आणून जाळलं, आणि त्या तिघांतले राजगुरू खेडचे. फाळणीत ती जागा पलीकडे गेली होती. 1961 ला बारा गावं देऊन आपण ती परत घेतली. 23 मार्चच्या मेळ्यात तू पाण्याच्या ड्यूटीला उभी होतीस, तेव्हा एका सरदारजींनी तुला 'राजगुरू दे पिंडों आई है' म्हणून लस्सी पाजली, हे तूच मला सांगितलं होतंस. त्यानंतर आणखी काय सांगायचं कुणाला?

आईला त्रास देऊ नकोस. सही ती करेल. फी आणि प्रवासाचे पैसे मी एक तारखेला पाठवतो. धाकट्याला माझी टोपी देऊ नकोस, तो पतंगाला बांधेल.

बीजींना पैरी पौना सांग. पारडूचं नाव काय ठेवलं?

तुझे,
पप्पा

ता. क. कॅम्पहून येताजाता किंवा शेताच्या कडेला पिवळ्या टेपने गुंडाळलेलं पाकीट दिसलं, किंवा तुटकं ड्रोन दिसलं, तर हात लावायचा नाही, जवळ जाऊन फोटो काढायचा नाही. लांब उभं राहून 112 लावायचा. पाकिटात बहुतेक हेरॉइन असतं, पण दरवेळी तेच असेल असं नाही. हे मैत्रिणींनाही सांग, मुलांना तर नक्कीच.