गाडीतून चालत उतरलेल्यांनीही रुग्णालय गाठावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळपासून कराडपर्यंत कुठे ना कुठे अपघात झाल्याची बातमी आपल्या दैनिकात वरचेवर येते आणि तिचा शेवट बहुधा ठरलेला असतो : ‘सुदैवाने कोणालाही गंभीर इजा झाली नाही.’ यात वार्ताहराचा दोष नाही. घटनास्थळी जे दिसते तेच तो लिहितो. परंतु शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात अधिपरिचारिका म्हणून नोकरीची बहुतेक वर्षे काढल्यामुळे मला त्या वाक्याची धास्तीच वाटते. इजा गंभीर आहे की नाही, हे रस्त्याच्या कडेला उभे राहून कोणालाही ठरवता येत नाही; ज्याला ती झाली आहे त्यालाही नाही.

जे बेशुद्ध पडले आहेत, ज्यांचे हाड मोडले आहे, त्यांच्यासाठी लोक लगेच १०८ ला फोन करतात. त्या बाबतीत आपल्याकडची माणसे मागे राहत नाहीत. प्रश्न आहे तो स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरलेल्यांचा. खंबाटकी घाटात मागून धडक बसते, गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर रात्री गाडी आदळते, शेंद्र्याच्या पुढे रुंदीकरणासाठी वळवलेल्या रस्त्यावर अंदाज चुकतो. गाडी क्रेनने गॅरेजकडे जाते, समोरच्याशी तिथल्या तिथे मिटवले जाते, विमा कंपनीसाठी फोटो काढले जातात आणि मंडळी दुसऱ्या वाहनाने घर गाठतात. घरी हळदीचे दूध होते, मुक्या मारावर शेक दिला जातो, औषधाच्या दुकानातून दुखण्यावरची गोळी येते. गाडीची पाहणी करायला सर्व्हेअर येतो. आत बसलेल्या माणसाला मात्र कोणी तपासलेले नसते.

अपघाताच्या धक्क्याने शरीर काही काळ दुखणे जाणवूच देत नाही. मान आणि पाठ दुसऱ्या दिवशी आखडते, ते बहुतेक वेळा स्नायूंचे दुखणे असते आणि थोड्या उपचाराने बरे होते. खरी भीती डोके आणि पोट यांची. कवटीच्या आत रक्त साठू लागले असले तरी सुरुवातीला माणूस नीट बोलतो, फोनवर सगळ्यांना ‘मी ठीक आहे’ असे सांगतो आणि काही तासांनी त्याची शुद्ध हरपू लागते. वयस्कर माणसांत, विशेषतः हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्यांत, हा रक्तस्राव सावकाश होऊन कधी कधी कित्येक दिवसांनी लक्षात येतो. तोवर ‘वयामुळे झोप वाढली आहे’ असे घरच्यांना वाटत राहते.

पोटाचे तर विचारूच नये. एका रात्री जखमी नातेवाइकाला घेऊन आलेले एक गृहस्थ आमच्या विभागातील बाकावर बसले होते. तेही त्याच गाडीत होते, पण ‘मला काही नाही, आधी आमच्या पाहुण्यांचं बघा,’ असे म्हणून त्यांनी केसपेपर काढायला नकार दिला होता. बोलताना ते सारखा डावा खांदा चोळत होते. खांद्यावर जखम नव्हती, हातही व्यवस्थित वर जात होता. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ते पाहिले आणि त्यांना आग्रहाने झोपवून तपासले, तेव्हा नाडी जलद, पोट कडक आणि छातीपासून ओटीपोटापर्यंत सीटबेल्टचा वळ. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले. पाणथरी (प्लीहा, पोटातील डाव्या बाजूचा अवयव) फाटली होती. आत साचलेले रक्त श्वासपटलाला टोचते आणि ती कळ डाव्या खांद्यात जाणवते, हे डॉक्टरला शिकवलेले असते, घरी शेक देणाऱ्याला ते कसे कळावे? त्याच रात्री त्यांची शस्त्रक्रिया झाली. (यावरून सीटबेल्ट लावू नये असा अर्थ कृपया कोणी काढू नये. पट्टा नसता तर ते बाकापर्यंतही पोहोचले नसते.)

पहिली सोनोग्राफी चांगली आली म्हणजे सुटलो, असेही नसते. रक्तस्राव थोडा असेल तर तो नंतर दिसतो, म्हणून डॉक्टर काही तास थांबायला सांगतात. ‘बेड अडवून बिल वाढवतात’ अशी नातेवाइकांची कुरकुर मी पुष्कळ ऐकली आहे आणि खासगी रुग्णालयांच्या बाबतीत ती अगदीच निराधार असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु अपघाताच्या रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवणे हाच उपचाराचा भाग असतो. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर धक्का किरकोळ वाटला तरी तपासणी झालीच पाहिजे, कारण वार (गर्भाला रक्त पुरवणारी, गर्भाशयाला चिकटलेली अपरा) सुटण्याचा धोका असतो आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शनही घ्यावे लागू शकते. घरी सोडल्यानंतर वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, हातापायात मुंग्या, पोट फुगणे, लघवीतून रक्त किंवा धाप यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. आणि मान दुखत असताना हाडवैद्याकडे जाऊन ती ‘बसवून’ घेणे हा शुद्ध अविचार आहे.

मग लोक रुग्णालयात का जात नाहीत? एक कारण म्हणजे ‘पोलीस केस’ची भीती. अपघाताच्या रुग्णाची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) अशी नोंद होते, पोलिसांना कळवले जाते. परंतु त्या नोंदीमुळे रुग्ण आरोपी होत नाही. उलट पुढे विम्याचा किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील दावा करावा लागला, तर दुखापत याच अपघातातील आहे हे सांगणारा तोच पहिला कागद असतो. चार दिवसांनी दाखवलेली दुखापत अपघाताचीच कशावरून, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच.

दुसरी तक्रार रुग्णालयांविषयी आहे. ‘आधी पोलिसांकडून चिठ्ठी आणा’ असे आजही काही ठिकाणी सांगितले जाते, हे मला रुग्णांच्या तोंडून कळते. एका स्कूटरस्वाराला अशाच कारणासाठी एका रुग्णालयाने परत पाठवले आणि दुसरीकडे नेताना वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्या घटनेच्या वृत्तपत्रीय बातमीवरून झालेल्या परमानंद कटारा याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच निकाल दिला की, जखमीचे प्राण वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, कायद्याचे सोपस्कार नंतर. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ हेच सांगते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण देते.

राहिला पैशाचा प्रश्न. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेनुसार, कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला अपघाताच्या तारखेपासून जास्तीत जास्त सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार निर्धारित रुग्णालयात रोकडविरहित मिळू शकतो. निर्धारित नसलेल्या रुग्णालयात रुग्णाला स्थिर करण्यापुरताच उपचार या योजनेत बसतो. ही मुदत अपघाताच्या दिवसापासून मोजली जाते. पाहू उद्या-परवा म्हणत घरी काढलेले दिवस त्यातूनच वजा होतात. परंतु रात्री अकरा वाजता भुईंज किंवा उंब्रजजवळ अपघात झालेल्या कुटुंबाला निर्धारित रुग्णालय कोणते हे कळणार कसे?

तेव्हा जिल्हा प्रशासनाने सातारा जिल्ह्यातील अशा रुग्णालयांची तालुकावार यादी आपल्यासारख्या दैनिकांतून प्रसिद्ध करावी आणि आनेवाडी व तासवडे टोलनाक्यांवर, तसेच महामार्गालगतच्या पोलीस ठाण्यांबाहेर ती मराठीत, रात्रीही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लावावी. येत्या गळीत हंगामाच्या आत हे व्हावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त अधिपरिचारिका, सातारा