बोटीच्या बेताबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. पाऊसपाणी, मुलांच्या परीक्षा, ऑफिसातल्या कुरबुरी सगळं वाचलं. पण तुझा जीव शेवटच्या चार ओळींत अडकलाय हे न कळायला मी काही परका नाही. सगळ्या घरादाराला घेऊन त्या अजस्र क्रूझवर जावं की नाही? उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. काका-काकू, मुलं, ताईकडची मंडळी असा लवाजमा निघणार असेल तर खुशाल जा. तू आणि वहिनी दोघंच जाणार असाल आणि नवी गावं बघायची हौस असेल, तर त्याच पैशांत आगगाडीने फिरा, बोटीच्या वाटेला जाऊ नका.

एवढी मोठी बोट प्रवासासाठी नसतेच मुळी, ती मुक्कामासाठी असते. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’च घे. लांबी ३६५ मीटर, वीस डेक, सगळ्या खाटा भरल्या तर ७,६०० प्रवासी आणि वर २,३५० च्या आसपास कर्मचारी. टायटॅनिक ४६ हजार ग्रॉस टनांचं होतं, ही जवळजवळ अडीच लाखांची. (हे टन वजनाचे नव्हेत बरं का, आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे. काकांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते कॅप्टनशी वाद घालतील.) यात समुद्र कुठे, असं तू विचारशील. आहे, बाहेर आहे. कितीतरी केबिनच्या बाल्कन्या आतल्या बागेकडे उघडतात आणि स्वस्त केबिनना तर खिडकीच नसते. मी ज्या बोटीवर होतो तिथे सकाळी अगदी पुढच्या टोकाला जाऊन उभा राहायचो. मोकळा वारा, खाली फुटणारं पाणी आणि सोबतीला जेमतेम दोन-चार माणसं. बाकीचं गाव घसरगुंडीच्या रांगेत.

पण हाच दोष तुमच्यासारख्या कुटुंबाला सोयीचा पडतो. काकूंचे गुडघे आठव. नेहमीच्या सहलीत दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरा, हॉटेल बदला, बसच्या पायऱ्या चढा. इथे कपडे एकदाच कपाटात लावायचे आणि गावं आपणहून खिडकीशी येतात. लिफ्ट आहेत, जागोजागी बसायला खुर्च्या आहेत, डॉक्टर आहे. मुलं दिवसभर पाण्यात असली तरी हरवायला बोटीबाहेर जाऊ शकत नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुणी कुणासाठी ताटकळत नाही. ज्याला झोपायचंय तो झोपतो, ज्याला पत्ते कुटायचेत तो कुटतो, रात्री जेवायला सगळे एका टेबलावर. चार दिवस एकत्र राहूनही घरात भांडण न होण्याची एवढी शक्यता मला दुसऱ्या कुठल्या सहलीत दिसली नाही.

आता पैशांचं. जाहिरातीतला आकडा बघून हुरळू नकोस, तो फक्त आत शिरण्याचा. जेवण आणि बहुतेक करमणूक त्यात येते, पण दारू, कोल्ड्रिंक, वायफाय, खास रेस्टॉरंट, फोटो, बंदरावरच्या सहली सगळं वेगळं. कॅसिनोचं तर बोलायलाच नको. टीपसुद्धा बहुतेक मोठ्या कंपन्या आपणच बिलात लावतात, माणशी रोजचे साधारण १५ ते २० डॉलर, आणि ती लहान मुलांनाही लागते. तुमच्या एवढ्या माणसांचा हिशेब करून बघ, छातीत धस्स होईल. एकटा माणूस असेल तर केबिनचं दोघांचं भाडं भरावं लागतं, म्हणून आत्याबाईंना कुणाच्या तरी केबिनमध्ये बसव.

टीपेवरून आठवलं. आमच्या केबिनची साफसफाई एक तरुण मुलगा करायचा. एकदा मी आत असतानाच तो आला. पलंग आवरून झाल्यावर त्याने दोन टॉवेल उचलले, एकाची दोन्ही टोकं गुंडाळून पाय केले, दुसऱ्याची सोंड काढून वर बसवलं आणि टेबलावरचा माझा चष्मा त्या हत्तीच्या डोळ्यांवर ठेवला. सगळं मिळून मिनिटभराचं काम. मी हसलो, तोही हसला आणि पुढच्या केबिनकडे पळाला. दाराशी त्याला विचारलं, घरी कधी जाणार? म्हणाला, करार आठ महिन्यांचा आहे, मुलगी मधल्या काळात चालायला लागली. रविवार नाही, सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम नियमात बसतं, आणि बोटींची नोंदणी बहामा, पनामा, माल्टा अशा ठिकाणी असल्यामुळे कामगार कायदे लागू होतात ते तिथले. म्हणून ती टीप काउंटरवर जाऊन रद्द करणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. तू करणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी लिहितोय.

आणि गावं. तुम्ही दोघंच असाल तर बोटीने जाऊ नका म्हणतो ते यासाठी. बोट सकाळी लागते, संध्याकाळी सुटते, आणि सुटायच्या अर्धा-एक तास आधी सगळे वर हवेत. त्याच दिवशी त्याच बंदरात आणखी दोन-तीन बोटी असतात. म्हणजे हजारो माणसं एकदम एकाच रस्त्यावर, सगळ्यांच्या हातात तोच नकाशा, सगळ्यांना तेच चर्च बघायचंय. तुझी सवय म्हणजे गल्लीबोळ हिंडायचं, एखाद्या कट्ट्यावर तासभर बसायचं, रात्री गाव शांत झालं की परत एक चक्कर. तो रात्रीचा भाग बोटीवाल्याच्या वाट्याला येतच नाही. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, तू आपला आपण भटकत राहिलास तर निघून जाते. वरच्या डेकवर रेलून उशिरा धावत येणाऱ्यांना टाळ्या वाजवणं हा काही लोकांचा आवडता कार्यक्रम असतो, हेही सांगून ठेवतो.

गावकऱ्यांनाही याचा जाच होतो. व्हेनिसमध्ये जून २०१९ मध्ये एक मोठी बोट धक्क्यावर आणि शेजारच्या छोट्या बोटीवर आदळली, काही जण जखमी झाले. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या बोटींना ज्युदेक्का कालव्यातून यायला बंदी आहे. अलास्कातल्या जुनोने २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी घ्यायच्या असं ठरवलं. मला ते पटतं. प्रवासी जेवतो बोटीवर, झोपतो बोटीवर, आणि गावाच्या हाती गर्दी व धूर सोपवून जातो. धुराबाबत थोडी सुधारणा आहे. भूमध्य समुद्रात १ मे २०२५ पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ०.१ टक्का झाली, काही बंदरांत बोटीला किनाऱ्यावरची वीज देतात म्हणजे इंजिनं बंद ठेवता येतात. बऱ्याच नव्या बोटी द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. त्याने काजळी आणि गंधक कमी होतं खरं, पण न जळलेला मिथेन इंजिनातून निसटतो, तेव्हा ‘हरित’ वगैरे जाहिरातीतले शब्द अर्धेच धर.

वहिनींना आजारपणाची धास्ती आहे, असं लिहिलंस. अगदीच निराधार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला अडकवून ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ माणसं होती, त्यांतल्या सातशेहून अधिक जणांना कोविड झाला. एरवी त्रास देतो तो नोरोव्हायरस, उलट्या-जुलाबांचा. त्याच्यावर हाताला चोळायच्या जेलचा फारसा उपयोग होत नाही, साबणाने हात धुवायचे. बुफेला जाताना मुलांना आधी बेसिनकडे वळव. बोट लागण्याची भीती मात्र कमी. मोठ्या बोटीला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डोलणं पुष्कळ आवरतात. तरी काकूंसाठी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घे, तिथे सगळ्यात कमी हलतं.

केबिन घेताना डेकचा नकाशा नीट बघ. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज डोक्यावर. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा उत्तम. बोट सुटायच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोहोचा, विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही. बोटीवरचा डॉक्टर महाग असतो, म्हणून काका-काकूंचा विमा हेलिकॉप्टरने हलवण्याच्या खर्चासह घे. सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बोटीच्या स्वतःच्या नेटवर्कवरून जे बिल येतं ते बघून सहलीची मजा जाईल. जिथे पाणी उथळ आहे तिथे छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात आणि लाटा असल्या की चाकाच्या खुर्चीवाल्यांना ‘नको’ म्हणतात. तेव्हा बोट थेट धक्क्याला लागते अशीच बंदरं जास्त असलेला मार्ग निवड. तोही पक्का धरू नकोस. आमचं एक बंदर वाऱ्यामुळे ऐन वेळी गळलं आणि हाती परत आला तो फक्त बंदराचा कर. करारात ती मुभा कंपनीकडे असते.

आणि पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत कुणीही चुकवायची नाही. जानेवारी २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर गेली तेव्हा त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. ३२ माणसं गेली. आता ती सुटायच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच घ्यावी लागते. काका कंटाळतील, त्यांना सोडू नकोस.

मोठीच बोट घ्यायची का, हेही ताईला विचार. तिच्या मुली आता मोठ्या आहेत, त्यांना घसरगुंडीत रस नसेल तर हजारभर प्रवाशांची मध्यम बोट बघा; ती लहान बंदरांत जाऊ शकते, रांगाही कमी. भाडं जरा चढं पडेल. धाकट्यांचं मत तू घेतलंच असशील, आणि ते काय असेल तेही मला माहीत आहे.

तारखा ठरल्या की कळव. शाळेच्या सुट्ट्या टाळता आल्या तर दर बरेच उतरतात. पैसे भरण्याआधी केबिनचे नंबर आणि डेकचा नकाशा मला पाठव, एकदा नजर टाकतो. काका-काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नेहमीचाच