उंचीची स्पर्धा अंदाजावर नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नवी मुंबईतील एका मैदानावर भरलेल्या जलरॉकेट स्पर्धेला मी नववी-दहावीच्या विद्यार्थिनींना घेऊन गेले होते. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत साधारण एक तृतीयांश पाणी, उरलेल्या जागेत सायकलच्या पंपाने दाबून भरलेली हवा आणि पुठ्ठ्याचे तीन पंख, एवढ्या सामग्रीवर मुलींनी पंधरा दिवस मेहनत घेतली होती. स्पर्धा 'सर्वाधिक उंची'ची होती, परंतु उंची मोजण्याची कोणतीही सोय नव्हती. मागच्या इमारतीचे मजले पाहून परीक्षकांनी नजरेनेच क्रमांक लावले. इमारत मागे आणि रॉकेट अलीकडे असल्यामुळे सातव्या मजल्यासमोर दिसणारे रॉकेट प्रत्यक्षात त्याहून खालीच असते, आणि परीक्षक चार पावले सरकला की मजलाही बदलतो. आमचा क्रमांक आला नाही याचे मला दुःख नाही, पण परतताना "बाई, आपलं किती मीटर गेलं?" असे एकीने विचारले, तेव्हा सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता, हे मात्र फार लागले.

उंची मोजण्याचे गणित दहावीच्या त्रिकोणमितीतच आहे. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला एक नट लटकवला आणि सरळ कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवली की उन्नत कोन, म्हणजे वर पाहताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन, वाचता येतो. मात्र एकच निरीक्षक पुरत नाही. तो उड्डाणाच्या जागेपासून ५० मीटरवर उभा असताना ५० मीटर उंच गेलेले रॉकेट वाऱ्याने त्याच्या दिशेला १० मीटर सरकले, तर कोन ४५ ऐवजी ५१ अंशांच्या वर जातो आणि उत्तर ६२.५ मीटर येते. खाडीवरून वारा येणाऱ्या आपल्या शहरात हे नेहमीच घडणार. वाऱ्याच्याच रेषेत समोरासमोर, एकमेकांपासून १०० मीटरवर दोन निरीक्षक उभे केले आणि दोघांचे कोन एकत्र मांडले, तर त्याच उड्डाणाचे उत्तर पुन्हा ५० मीटर येते. वारा आडवा वळला तर आडवे कोनही, म्हणजे रॉकेट डावी-उजवीकडे किती सरकले ते दाखवणारे कोन, घ्यावे लागतात. घन इंधनाच्या मोटरींवर चालणाऱ्या मॉडेल रॉकेटांच्या स्पर्धांत वर्षानुवर्षे अशी दोन ठिकाणांहून मापे घेतली गेली, आणि प्रत्येक ठिकाणावरून काढलेली उंचीची दोन्ही उत्तरे त्यांच्या सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत जुळली नाहीत तर ते माप बाद धरले जाई. बाद झालेले मापसुद्धा मुलांना बरेच शिकवते, असा माझा अनुभव आहे.

आता रॉकेटच्या पोटात हवेचा दाब मोजणारे छोटे उंचीमापक बसवतात. समुद्रसपाटीजवळ दर मीटरला दाब सुमारे १२ पास्कलने (पास्कल हे दाबाचे एकक) कमी होतो, त्यावरून ते उंची काढते. पण त्यातले गणित बहुधा १५ अंश सेल्सिअस धरून केलेले असते. आपल्याकडे ३३ अंशांच्या दुपारी ते सुमारे सहा टक्के कमी उंची दाखवेल, म्हणून डिसेंबर आणि मे महिन्यांतील आकडे दुरुस्ती केल्याशिवाय शेजारी ठेवू नयेत.

आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रत्येक उड्डाणाचे दोन्ही कोन आणि त्यावरून आलेली उंची फळ्यावर सर्वांसमोर लिहावी. निकालाची वेळ थोडी लांबली तरी चालेल. आमच्या मुलींनी बनवलेले दोन कोनमापक आणि शाळेची मोजपट्टी पुढच्या स्पर्धेला आम्ही आनंदाने देऊ. कोन वाचायलाही मुली तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, नेरुळ, नवी मुंबई