बाबा, ते हेल्मेट मी घेतलं नाही

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

खोकं उद्या-परवा पोचेल. उघडण्याआधी हे वाचा. बाबा, तुम्ही ज्याचे फोटो मला पाठवत होता ते कॅमेऱ्याचं, ब्लूटूथचं, काचेवर रस्ता दाखवणारं हेल्मेट त्यात नाही. दोन साधी फुल-फेस आहेत, एक तुमचं आणि एक आईचं. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं बरं, तुला योग्य वाटलं ना, झालं" म्हणाला असता, आणि ते मला दिवसभर टोचत राहिलं असतं.

पैशांमुळे टाळलं असं मनात आणू नका. तुम्हाला ते वापरता आलं नसतं असंही मला वाटत नाही, घरात नवं यंत्र आलं की माहितीपुस्तक पहिल्यांदा तुमच्याच हातात असतं. पण मी ते प्रत्यक्ष डोक्यावर घालून बघितलं. वजन पावणेदोन किलोच्या आसपास, त्यातलं बरंचसं मागे, बॅटरीच्या बाजूला. तुमच्यासाठी घेतलेलं साडेतेराशे ग्रॅमचं आहे. चारशे ग्रॅम हातावर तोलले तर जाणवतही नाहीत. मानेवर वाऱ्याच्या जोरासकट तासभर वागवले की वळून मागचं बघायचा कंटाळा यायला लागतो. तुमचा मणका कसा आहे हे मला माहीत आहे, आणि त्या कंटाळ्याची मला भीती वाटते.

काचेवरच्या बाणांचंही तेच. ताशी साठच्या वेगाला एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. तेवढा वेळ तुमची नजर अक्षरांवर असावी असं मला वाटत नाही, त्यातून तुमचा चष्मा जवळचा-लांबचा असा दोन नंबरांचा. रस्ता विचारायला मागे आई आहेच, आणि तिची स्मरणशक्ती कुठल्याही नकाशापेक्षा चांगली आहे.

लॉरेन्स ऑफ अरेबिया या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती, १९३५ साली मोटारसायकलवरून पडून तो कसा गेला ती. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. १९४१ मध्ये त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर लेख लिहिला आणि हेल्मेटचं महत्त्व दाखवून दिलं. पुढे २००८ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा झाला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. हे सगळं साध्या, बॅटरी नसलेल्या हेल्मेटांच्या जोरावर. फक्त ते डोक्यावर हवं आणि पट्टा लावलेला हवा. टोचणारं, तापणारं हेल्मेट माणूस जवळच्या फेरीला घरी ठेवून जातो. आता "कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय" हे वाक्य कुणाचं, ते मी लिहीत नाही.

तंत्रज्ञान मी अगदीच नाकारलेलं नाही. तुमच्या हेल्मेटच्या आत मिप्सचा पातळ थर आहे. डोकं तिरकं आपटलं तर तो आतल्या आत १०-१५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे मेंदूला बसणारा पीळ कमी होतो. ईसीई २२.०६ या हेल्मेटच्या सुरक्षेच्या नव्या मानकात अशा तिरक्या धक्क्याचीही चाचणी असते, आणि दोन्ही हेल्मेटं त्यात उत्तीर्ण आहेत. काचेला आतून पिनलॉकची दुसरी काच लावली आहे, पावसात धुकं धरणार नाही. यातलं काहीच चार्ज करावं लागत नाही. चष्म्याच्या काड्यांसाठी गादीत खाच आहे. तोंडासमोरचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट घ्यावं असं फार वाटत होतं, चष्म्याला ते सोयीचं. पण त्याचं वजन पुन्हा वाढत होतं.

एका गोष्टीने मात्र जीव अडकला. तुम्हाला ते ब्लूटूथ गाण्यांसाठी नको होतं, चालवताना आईशी बोलता यावं म्हणून हवं होतं. हे आईने सांगितलं, तुम्ही नाही. म्हणून कानापाशी स्पीकरची जागा सोडलेलीच हेल्मेटं शोधली. इंटरकॉम बाहेरून लावता येतो. तुमच्या कानातल्या यंत्राशी तो जुळतो का हे एकदा कानाच्या डॉक्टरांना विचारू, मी आले की बसवू. बॅटरी थकली तर इंटरकॉम बदलायचा, हेल्मेट तेच राहील.

लाल गाडीच्या टाकीवर मला बसवताना तुम्ही माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घालून पट्टा बघायचात. बोटं गार असायची, मी मान आखडून हसायचे, आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून बघायचात. आता तसंच दोघांनी एकमेकांचं बघा. दोनपेक्षा जास्त बोटं गेली तर पट्टा सैल आहे. आधी घरात वीस मिनिटं घालून बसा. गाल दाबल्यासारखे वाटले तर ठीक, गादी पुढे थोडी बसते. पण कपाळावर एकाच जागी दुखलं, लाल वळ उठला, तर "चालेल" म्हणायचं नाही. मला सांगायचं, मी माप बदलून पाठवेन. मागून धरून पुढे ओढल्यावर डोक्यातून निघालं तरी परत.

आई, अंबाडा घालून हेल्मेट बसणार नाही, वर उचललं जाईल. सैल वेणी घाल. आणि मागे बसणाऱ्याला कशाला हवं, हे या वेळी नको.

बाबा, हेल्मेट आरशावर अडकवून ठेवायचं नाही, आतला फोम दबतो. काच पेट्रोलने पुसायची नाही, कोमट पाणी पुरे. हेल्मेटसकट कुणी पडलं तर बाहेरून ओरखडाही नसला तरी ते टाकून द्यायचं. आतला फोम धक्का घेताना चेपतो आणि पुन्हा फुगत नाही. तेव्हा किमतीचा विचार करायचा नाही, मला फोन करायचा. आणि हो, पडलात तर हेल्मेटच्या आधी स्वतःचं सांगायचं.

रंग पसंत नसला तर तेवढं मात्र मोकळेपणाने कळवा, तो बदलून मिळतो.

तुमची,
मनू