सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही : चाचणीविना सुटे भाग बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २००५ सालच्या पेट्रोल गाडीच्या चुकीच्या निदानाबद्दल तक्रार व रकमेच्या परताव्याची मागणी

महोदय,

आपल्या सेवा केंद्रात मी माझी गाडी एका नेमक्या तक्रारीसह दिली होती आणि ती जॉब कार्डवर नोंदवलेली आहे. सेल्फ जोमाने फिरतो. परंतु गरम इंजिन बंद केले की ते पुन्हा चालू होत नाही, आणि तासाभराने थंड झाले की पहिल्याच सेल्फला चालू होते. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नाही, हेही मी तेव्हाच सांगितले होते. ते मात्र कार्डवर लिहून घेतले गेले नाही.

केंद्राने आधी बॅटरी बदलली, नंतर स्टार्टर मोटर आणि शेवटी टाकीतील पेट्रोल पंप. प्रत्येक वेळी थंड इंजिनावर गाडी चालू करून दाखवली आणि दोष दूर झाला असे सांगून ताब्यात दिली. दोष होता तसाच राहिला. अखेर आमच्या भागातील एका मिस्त्रींनी इंजिन गरम असतानाच क्रँक सेन्सरला (इंजिन फिरते आहे हे ओळखणाऱ्या सेन्सरला) मीटर लावला, तेव्हा आतील तार तुटल्याचे दिसले. तोच सेन्सर थंड झाल्यावर मीटर पुन्हा काहीशे ओहम दाखवू लागला. सेन्सर बदलल्यापासून गाडी व्यवस्थित चालू आहे.

माझा आक्षेप निदान चुकले एवढ्यापुरता नाही, कारण चूक कोणाचीही होऊ शकते. निदान केलेच गेले नाही आणि तरीही त्याचे पैसे घेतले गेले, हा माझा आक्षेप आहे. सेल्फ जोमाने फिरत असताना बॅटरी आणि स्टार्टरवर संशय घेण्याचे कारणच नव्हते. फार तर सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज साडेनऊच्या खाली उतरते का, एवढे पाहणे पुरेसे होते. त्यानंतर प्लगला करंट येतो का आणि इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडतो का, या दोन गोष्टी दोष प्रत्यक्ष हजर असताना, म्हणजे गरम इंजिनावर तपासल्या असत्या, तर दोन्ही एकदमच बंद असल्याचे आढळले असते. दोन्ही एकाच वेळी बंद पडतात तेव्हा त्या दोहोंना आदेश कोठून मिळतो तिकडे आधी पाहावे लागते. इंजिन फिरत असल्याची खबर ईसीएमला, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला, क्रँक सेन्सरकडून मिळते. ती मिळाली नाही तर ईसीएम प्लगला ठिणगी देत नाही, इंजेक्टर उघडत नाही, आणि चावी फिरवल्यावर सुमारे दोन सेकंद चालवलेला पेट्रोल पंपही थांबवतो. पंप सेल्फच्या वेळी गप्प राहतो एवढ्यावरून तो निकामी ठरवला गेला असावा, असे मला वाटते. रिले आणि फ्यूज पाहून पंपाला थेट बारा व्होल्ट दिले असते तर तो चांगला असल्याचे तिथल्या तिथे कळले असते.

स्कॅनरवर दोषाचा कोड आला नाही म्हणून सेन्सर चांगला आहे, असे मला सांगण्यात आले. आपल्या देशात ओबीडी प्रणाली, म्हणजे गाडीने स्वतःच दोष ओळखून त्याचा कोड नोंदवण्याची व्यवस्था, भारत स्टेज चार या प्रदूषण मानकांबरोबर २०१० पासून टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाली. त्याआधीच्या गाडीत कोड नसणे हा सेन्सर चांगला असल्याचा पुरावा मानता येत नाही, हे आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक असायला हवे. उलट, गाडी जुनी झाली आहे, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, असा सल्ला मला काउंटरवर मिळाला. ही गाडी आरटीओची तपासणी उत्तीर्ण होऊन, पर्यावरण कर भरून रीतसर पुनर्नोंदणी झालेली आहे. ती आमच्या घराची रोजची गरज आहे आणि तिच्या वयाकडे बोट दाखवून तपासणी टाळणे मला मान्य नाही.

काढलेले जुने भाग मी मागितले असता ते भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. त्यामुळे ते खरोखर नादुरुस्त होते का, हे तपासण्याचा मार्गही माझ्याकडे उरलेला नाही. बिलावर पंपाचा दाब, व्होल्टेज किंवा अन्य कोणत्याही चाचणीचे एकही वाचन नाही.

स्टार्टर मोटर व पेट्रोल पंप यांची किंमत आणि त्यांची मजुरी मला परत मिळावी, तसेच हे भाग कोणत्या चाचणीच्या आधारे बदलले याचा लेखी खुलासा मिळावा, अशी माझी मागणी आहे. बॅटरी मी वापरत असल्याने तिची रक्कम मागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणेही येते, याकडे आपले लक्ष वेधतो. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

जॉब कार्ड, सर्व बिले आणि मिस्त्रींच्या पावतीच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. काढलेला क्रँक सेन्सर मी जपून ठेवला असून, आपला तंत्रज्ञ तो माझ्यासमोर गरम करून केव्हाही तपासू शकतो.

कळावे,
आपला विश्वासू,
तक्रारदार ग्राहक